परत घेतलेली सही

मयुरा झाडेची सही झाल्याशिवाय त्या कंपनीतून कुठलंही सॉफ्टवेअर बाहेर पडत नसे. सही म्हणजे काही कागदावरची नव्हे. संगणकावरच्या एका रकान्यात बरोबरची खूण करायची, एवढंच. पण ऑफिसात सगळे तिला सहीच म्हणत, आणि ती खूण करताना मयुरा खुर्चीत जरा ताठ होऊन बसते, हे आजूबाजूच्यांनी कधीच हेरून ठेवलं होतं.

ती सीनियर टेस्ट इंजिनियर होती. बाकीचे सॉफ्टवेअर लिहीत आणि ते कुठे मोडतं हे शोधणं हिचं काम. काटोलजवळच्या गावातून ती नागपूरला शिकायला आली, इथेच नोकरीला लागली, मनीषनगरात फ्लॅट घेऊन आईलाही घेऊन आली. आई, शामलाबाई, शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगत, "माही पोरगी दुसऱ्यायच्या कामातल्या चुका काढते, अन् त्याचाच पगार घेते." मयुराला हे वर्णन मनापासून आवडायचं, पण ते अर्धंच आहे असंही वाटायचं. बटण दाबून चालतं का हे कोणीही पाहील, असं ती हाताखालच्या मुलांना सांगे. वापरणारा माणूस दमलेला असेल, घाईत असेल, त्याचं नेटवर्क मध्येच गेलं असेल, तेव्हा त्याचं काय होईल, ते त्याच्या आधी आपण भोगून पाहायचं. तिच्या टीममध्ये एक वाक्य बोलायला सक्त मनाई होती: वापरणाऱ्याचंच चुकलं असेल.

त्या वर्षी कंपनीला धंतोलीतल्या एका बालरुग्णालयाचं काम मिळालं होतं. तिथल्या एनआयसीयूसाठी, म्हणजे अपुऱ्या दिवसांची, अशक्त बाळं जिथे काचेच्या पेट्यांत ठेवतात त्या विभागासाठी, औषधांचं सॉफ्टवेअर. प्रत्येक नर्सच्या हातात एक टॅब. पडद्यावर प्रत्येक बाळाची एक चौकट, चौकटीत आईचं नाव, पेटीचा नंबर आणि पुढचं औषध. ज्या बाळाच्या औषधाची वेळ सगळ्यात जवळ, त्याची चौकट आपोआप सगळ्यात वर सरकणार. ही वर सरकण्याची करामत उन्मेष नावाच्या प्रोग्रामरची होती. ती होतीही सुरेख. नर्सला शोधत बसायची गरजच नाही, पुढचं काम स्वतःच समोर येऊन उभं राहतं.

मयुराने या कामाला जीव लावला. ती त्या विभागात जाऊन बसली, सिस्टर कशा चालतात, टॅब कुठे ठेवतात, हातमोजे घालून बोट कसं टेकवतात ते पाहिलं. मुठीएवढी बाळं, छातीचा भाता हलताना दिसावा इतकी पातळ त्यांची कातडी. ऑफिसात परत आल्यावर तिने औषधाची मात्रा, वजन, वेळा, सगळं इतक्या तऱ्हांनी उलटसुलट करून पाहिलं की उन्मेष वैतागून दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसायला लागला. शेवटी गुरुवारी तिने सही दिली. सोमवारी रुग्णालयात छोटासा समारंभ होता. तिथले प्रमुख डॉ. मुकुंद पांढरीपांडे यांनी शहरातल्या बऱ्याच डॉक्टरांना बोलावलं होतं. प्रोजेक्ट मॅनेजर केयूरने आनंदाने सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली, आणि मयुराच्या टेबलावर दोन तुकडे जास्तीचे ठेवले.

शुक्रवारी दुपारी वेदिका रुग्णालयातून परत आली. ती मयुराच्या टीममधली सगळ्यात नवी मुलगी. धरमपेठेत वाढलेली, बोलायला हळू, कामाला चोख. सोमवारच्या आधी नर्सेसना सराव द्यायला तिला पाठवलं होतं, खोट्या बाळांची माहिती भरून. ती बॅग खाली न ठेवताच मयुराजवळ उभी राहिली आणि म्हणाली, एक गोष्ट झाली आहे. सिस्टर देवकींनी जुळ्यांपैकी दुसऱ्या बाळाच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि पहिल्या बाळाचं औषध उघडलं. एकदाच. त्यानंतर वेदिकाने पुष्कळ वेळा तेच करून पाहिलं, पण पुन्हा तसं झालं नाही.

पलीकडून उन्मेषने मान वर न करता विचारलं, बोट घसरलं असेल का?

"मी त्यांच्या बोटाकडेच बघत होते," वेदिका म्हणाली.

खरं सांगायचं तर मयुराच्या मनात आधी चीडच आली. काल सही झाली होती. तो पडदा तिने स्वतः तपासला होता, दुसऱ्या कोणावर सोपवला नव्हता. अन् ही दीड वर्षाच्या अनुभवाची मुलगी उभी राहून सांगते आहे की एकदा काहीतरी झालं. बोट चुकलं असेल, हे वाक्य मयुराच्या अगदी ओठांवर आलं. पण समोर वेदिका होती, आणि ज्या बाईने ते वाक्य बंद केलं ती आता काय म्हणते, याची वाट पाहत ती उभी होती.

"बॅग ठेव," मयुरा म्हणाली. "बस. अगदी पहिल्यापासून सांग."

मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. सिस्टर कुठे उभ्या होत्या? हातमोजे होते का? दुसरं कोण टॅब वापरत होतं? त्याच्या आधीचं बोट कशावर ठेवलं होतं? वेदिकाकडे प्रत्येकाचं उत्तर होतं. काही बिनसलं की लगेच हात लावायचा नाही, आधी भोवतालचं सगळं डोळ्यांत भरून घ्यायचं, हे मयुराने तिला शिकवलं होतं आणि तिने ते तसंच्या तसं केलं होतं. सिस्टर ऑक्सिजनच्या बोर्डाजवळच्या कोपऱ्यात होत्या. दुपारच्या औषधांची वेळ झाली होती, सगळ्याच बाळांची एकदम. ऐकता ऐकता मयुराची चीड कुठल्या कुठे गेली. अशी साक्ष तिला मोठमोठ्या अनुभवी लोकांकडूनही मिळाली नव्हती.

तिघांनी मिळून ऑफिसात तासन्‌तास प्रयत्न केला. काही झालं नाही. जिचं नाव दाबावं तीच चौकट उघडत होती, शहाण्या मुलासारखी.

संध्याकाळी केयूर आला. तो काही वाईट माणूस नव्हता, पण सोमवारचा समारंभ त्याच्या डोक्यावर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, एकदा झालेली आणि परत न होणारी गोष्ट. ती नोंदवून ठेवू, पुढच्या वेळी बघू. मयुराने नकारार्थी मान हलवली तेव्हा त्याने जरा आवाज खाली आणून विचारलं, "तुझीच सही आहे ना त्यावर?"

हा प्रश्न तिला लागला. तिने त्याच्याकडे उद्या दुपारपर्यंतचा वेळ मागितला. त्याने दिला, पण जाताना त्याचा चेहरा असा होता की जणू तिने त्याच्याच घरातलं काहीतरी उचलून नेलं.

रात्री जेवताना तिचा घास ताटातच राहिला. शामलाबाईंनी दोनदा पाहिलं, मग विचारलं, "काहून वं, जेवून नाही राहिली?"

मयुराने सांगितलं. तांत्रिक भाग गाळून, एवढंच की आपण बरोबर म्हणून सांगितलं आणि आता एक पोरगी म्हणते आहे की ते बरोबर नाही. आईने बाकी काही विचारलं नाही. "मंग तुले तिचा भरोसा नाही का?" एवढंच म्हणाली.

भरोसा होता. पूर्ण होता. खुपत होतं ते वेगळंच, आणि ते काय आहे हे मयुराला ताटावर बसल्या बसल्याच कळलं. वेदिकाचं खरं निघालं तर तिची स्वतःची सही खोटी ठरणार होती, आणि इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. हे एकदा स्वतःशी नीट कबूल केल्यावर तिला हलकं वाटलं. तिने भाजी वाढून घेतली.

शनिवारी सकाळी दोघी धंतोलीत पोचल्या. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत दोन गल्ल्या फिराव्या लागल्या. औषधांच्या दुकानांसमोर यवतमाळ, गोंदियाकडून आलेले लोक पिशव्या, चादरी, डबे घेऊन बसले होते. वर विभागात मात्र शांतता, फक्त यंत्रांचा बारीक आवाज.

सिस्टर देवकी तिथल्या मुख्य परिचारिका. उंच, कामात कडक, पण बाळाला हात लावताना बोटं अशी की फुलालाही कळू नये. मयुराने विचारल्यावर त्या जरा ओशाळल्या.

"मले वाटलं मॅडम, माहीच चूक झाली असन. म्हणून मी चूप राहिली. ह्या पोरीच्या नजरेतून नाही सुटलं म्हणून, नाही तर मी कोणाले बोललीच नसती."

यंत्र चुकलं होतं आणि बाईने दोष स्वतःकडे घेतला होता. असं किती ठिकाणी, किती जणींनी घेतला असेल.

आता सूत्रं हातात घ्यायची तिला सवय होती, पण ती मुद्दाम मागे सरली आणि वेदिकाला म्हणाली, तू मांड. वेदिकाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि कामाला लागली. सरावाच्या टॅबवर खोटी बाळं भरलेलीच होती. तिने सगळ्यांच्या औषधांची वेळ एकच केली, जशी काल होती. दोन सिस्टरना दोन बाजूंना उभं करून औषधं दिल्याची नोंद करायला लावलं, आणि देवकीबाईंना हातमोजे घालून ऑक्सिजनच्या बोर्डाजवळ उभं केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं, पुन्हा काही नाही. दारातून केयूर आत आला होता, हातातल्या फोनकडे बघत.

वेदिका थांबली. तिने डोळे मिटल्यासारखे केले आणि मग देवकीबाईंना विचारलं, काल तुम्ही उभ्या होतात, की निघाला होतात?

"निघाली होती. उभं राहाले वेळ कुठं असते?"

मग वेदिकाने त्यांना चालायला सांगितलं. कोपऱ्यातून मधल्या रांगेकडे, रोजच्या चालीने, टॅबवर बोट ठेवत. त्या कोपऱ्यात नेटवर्क मरत होतं. तेवढ्या वेळात बाकीच्या दोघींनी केलेल्या नोंदी देवकीबाईंच्या टॅबला कळतच नव्हत्या. दोन पावलं पुढे आल्यावर नेटवर्क जिवंत झालं, साचलेलं सगळं एकदम आलं, आणि चौकटी जागा बदलून सरकल्या, नेमक्या त्या क्षणी जेव्हा देवकीबाईंचं बोट खाली येत होतं. बोट ठेवलं दुसऱ्या बाळावर. उघडलं पहिलं. दोघांच्या आईचं नाव एकच, आणि 'पहिलं', 'दुसरं' हे शब्द नावाच्या शेवटी, लांब नावात पडद्याबाहेर गेलेले. चूक झाली हे कळायला कसलीच खूण नव्हती.

मयुरा फोनवर चित्रीकरण करत होती. शेजारच्या पेटीत खरोखरीचं एक बाळ झोपलं होतं, बोटाच्या पेराएवढी मूठ गालाशी घेऊन.

"परत," ती म्हणाली.

देवकीबाई परत चालल्या. परत तेच झालं. आता ते मागावं तेव्हा होत होतं. हवी तेव्हा समोर उभी करता येणारी चूक म्हणजे अर्धी दुरुस्तच झालेली, आणि ती उभी करणं हीच या धंद्यातली खरी कमाई. वेदिकाचे कान लाल झाले होते. केयूरने फोन कधीच खिशात टाकला होता.

डॉ. पांढरीपांडे आपल्या खोलीत सोमवारच्या भाषणाची जुळवाजुळव करत होते. मयुराने बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"सर, हे सोमवारी सुरू करता येणार नाही. मी दिलेली सही मी परत घेते आहे."

केयूरने खाली पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि कारण विचारलं. मयुरा म्हणाली, हे वेदिकाने शोधलं आहे, तीच सांगेल.

वेदिकाने पहिलं वाक्य अर्धंच सोडलं. दुसरं जरा बरं आलं. मग मात्र ती सांगत गेली, काय होतं, कुठल्या परिस्थितीत होतं, बाळाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, आणि शेवटी, न विचारता, आम्हाला अजून काय माहीत नाही तेही. कुठे फुगवलं नाही, कुठे झाकलं नाही. मयुरा तिच्याकडे पाहत नव्हती, समोरच्या भिंतीकडे पाहत होती, कारण पाहिलं असतं तर तिला हसू आवरलं नसतं, आणि ती वेळ हसण्याची नव्हती.

डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "हे तुमच्या तपासणीत आधी का नाही सापडलं?"

केयूर सावरून बसला. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेण्यात तो पटाईत होता. वेदिकाची मान खाली गेली. मयुराने दोघांनाही संधी दिली नाही.

"कारण ऑफिसात मी सगळ्या बाळांना वेगवेगळ्या वेळी औषधं दिली होती, आणि खुर्चीत बसून बटणं दाबली होती. इथे कोणी बसत नाही, हे मी बघितलं होतं, तरी तसं तपासलं नाही. तपासणी माझी होती. कमी पडली ती मीच."

हे बोलताना आपल्याला कमीपणा वाटेल असं तिला आदल्या रात्री वाटलं होतं. प्रत्यक्षात तिचा आवाज स्वच्छ होता, नेहमीपेक्षाही.

डॉक्टर उठले, वेदिकाला घेऊन विभागात गेले आणि टॅब हातात घेऊन स्वतः त्या कोपऱ्यातून चालत आले. चुकीचं बाळ उघडलं. त्यांनी ते पुन्हा एकदा करून पाहिलं, टॅब देवकीबाईंच्या हातात परत दिला आणि मयुराला म्हणाले, "सोमवारचे पाहुणे मी सांभाळतो. तुम्ही तुमचं काम करा." दारापर्यंत जाऊन ते वळले आणि वेदिकाला तिचं पूर्ण नाव विचारलं.

खाली उतरल्यावर केयूर बराच वेळ गाडीच्या किल्लीशी खेळत उभा राहिला. तो रागवेल, असं मयुराने धरून चाललं होतं. पण तो एवढंच म्हणाला की उन्मेषला तो स्वतः फोन करतो, तुम्ही दोघी आधी काहीतरी खाऊन घ्या.

उन्मेषने आधी वाद घातला, नेटवर्कचा दोष माझ्या माथी कशाला म्हणाला. मग मयुराने ते चित्रीकरण त्याच्यासमोर ठेवलं. त्याने पाहिलं, मागे नेऊन पुन्हा पाहिलं, आणि खुर्ची ओढून कामाला बसला. नर्सच्या हातात टॅब चालू असताना एकही चौकट आपोआप हलणार नाही असं त्याने केलं. नवी नोंद आली की वर फक्त एक पिवळी पट्टी दिसेल, सिस्टरने त्या पट्टीवर बोट ठेवलं तरच चौकटी सरकतील. जुळ्यांच्या चौकटींना वेगळे रंग दिले, आणि 'पहिलं', 'दुसरं' हे शब्द नावाच्या आधी आणले. मयुराने आपली तपासणीची पद्धतच बदलली. ऑफिसच्या जिन्यात, लिफ्टमध्ये, तळमजल्यावरच्या गाड्यांच्या गर्दीत, जिथे नेटवर्क मरतं तिथे तिथे टीममधली मुलं टॅब घेऊन चालताना दिसू लागली. सुरक्षारक्षकाला वाटलं की काहीतरी हरवलं आहे.

दोन आठवड्यांनी रुग्णालयात ते सुरू झालं, समारंभाशिवाय. मयुरा विभागाच्या दाराशी उभी होती. आत नव्या आलेल्या नर्सेसना वेदिका शिकवत होती, आणि सांगत होती की वापरताना काही विचित्र झालं, तर आपलंच चुकलं असं समजून गप्प बसायचं नाही, मला फोन करायचा. देवकीबाईंनी मागून जोराने मान हलवली. मयुराला कोणी काही विचारत नव्हतं, तिची तिथे कोणाला गरजच नव्हती, आणि तिला वाटलं की इतकं छान आपल्याला कामावर क्वचितच वाटलं असेल.

पुढे चंद्रपूरच्या एका रुग्णालयाने तेच सॉफ्टवेअर मागितलं. केयूरने मयुराला जायला सांगितलं. ती म्हणाली, वेदिका जाईल. केयूर म्हणाला, एकटी? तिथे सगळं तिच्यावर येईल.

"येऊ दे," मयुरा म्हणाली. "तिला झेपतं. मी पाहिलं आहे."

वेदिका गेली. दोन दिवस तिचा फोन नाही. मयुराने स्वतःहून करायचा नाही असं ठरवलं होतं, आणि ते पाळणं तिला भारी पडलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. वेदिका घाईत होती. इथल्या सिस्टर टॅब ओला होऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वापरतात, ती सांगत होती, आणि पिशवीवरून दाबलं की बोट कधी लागतं, कधी लागत नाही. म्हणून मी इथल्या डॉक्टरांशी बोलले, सुरू करायची तारीख पुढे ढकलायला सांगितली, आणि उन्मेषला माहिती पाठवली आहे. मी अजून राहते आहे. बरं ताई, ठेवते, राउंड सुरू होतोय.

फोन बंद झाल्यावर मयुराच्या लक्षात आलं की त्या मुलीने तिला परवानगी विचारली नव्हती. आपण करू का, चालेल ना, असं काही नाही. ठरवून, करून, मग कळवलं होतं.

ती डबा तसाच उघडा टाकून केयूरच्या टेबलाशी गेली आणि चंद्रपूरची तारीख पुढे जाते आहे म्हणाली. केयूरने सुस्कारा सोडला, कॅलेंडर उघडलं आणि विचारलं, कधीपर्यंत?

"ते मला माहीत नाही," मयुरा म्हणाली, आणि तिच्या आवाजातला आनंद लपला नाही. "तिकडे फोन करून वेदिकाला विचार."